बोट वर झालं तेव्हा

इळंगो अण्णा,

लग्न झालं. "अप्पांना काही आठवणार नाही, मग मी दुबईहून येऊन काय करू?" असं म्हणालास ना फोनवर? खरंय. मेंदूज्वरानंतर त्यांना सकाळचंही आठवत नाही. त्यांच्या लेखी मी अजून शाळेतली पोर आहे.

तरी हट्टाने मी त्यांच्या खांद्याला त्यांचा तविल, तो जुना ढोल, अडकवला. सनईसारखा नादस्वर वाजवणारे कुरकुरले, "पोटची पोर न ओळखणाऱ्याला ताल काय आठवणार?" माझ्या गळ्यात ताली, म्हणजे मंगळसूत्र, बांधायच्या क्षणी भटजींनी 'वाजवा' म्हणून बोट वर केलं, आणि अप्पांच्या हातांनी असा कडकडाट केला की मांडव हादरला. शिंक, रडणं, असलं अशुभ काही कानावर पडू नये म्हणूनच तेव्हा वाजवतात ना? माझं रडणं त्यातच बुडालं. डॉक्टर म्हणतात, हातांची आठवण मेंदूत वेगळ्या जागी असते.

वाजवून झाल्यावर माझ्याकडे बघत ते मामांना म्हणाले, "पोर गोड आहे हो. बाप कुठाय हिचा? अशा दिवशीसुद्धा आला नाही?"

आणि अण्णा, 'येऊन काय करू' म्हणालास तो फोन स्पीकरवर होता; अप्पांनी ऐकला. थोड्या वेळात अप्पा तो विसरले, पण जेवले नाहीत. भिंतीकडे तोंड करून बसून राहिले. "काय झालं?" विचारलं, तर म्हणाले, "ठाऊक नाही गं. आपलं कोणीतरी गेलंय असं वाटतंय."

हे पत्र टाकणार नाही. वाचून तू फोन करशील, रडशील. अप्पा ते विसरतील, आणि पुन्हा दिवसभर उपाशी बसतील.

तुझीच,
वडिवु