बायकोच्या कामाला माझा वेग

३ मार्च
आजपासून बायकोच्या कामात जातीनं लक्ष घालणार. तिला पहिलंच स्वतंत्र काम मिळालंय. दवाखान्याच्या लहान मुलांच्या वॉर्डची सजावट. वॉर्ड कसा दिसेल याची कॉम्प्युटरवर केलेली फिल्म वीस तारखेला डॉक्टरांना दाखवायची. फिल्म बनवताना कॉम्प्युटर फार रेंगाळतो. म्हटलं, ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक करतो, कंपनीने ठरवलंय त्याहून जोरात पळवतो. म्हणाली, हात लावू नकोस. स्वभावच भित्रा.

५ मार्च
ती बाहेर गेल्यावर लावला हात. वेग वाढला! पंखा जरा किंचाळतो. उत्साह असेल.

८ मार्च
कार्डाचं तापमान ९१. आधी सत्तरच्या आसपास असायचं. खोलीत बसवत नाही. मेव्हण्याचा फोन आला, त्याला पराक्रम सांगितला. म्हणे, असं तापवलंत तर कार्डाचं आयुष्य घटेल. म्हटलं, आयुष्य सगळ्यांचंच घटतंय. निरुत्तर झाला. म्हणजे, फोन ठेवला.

११ मार्च
ठराविक मर्यादेपलीकडे तापलं की कार्ड आपणहून वेग कमी करतं, हे आज कळलं. कामचुकार! ती मर्यादाच वाढवून टाकली. तापमानाचा आकडाही स्क्रीनवरून काढला. उगाच मन खचतं.

१४ मार्च, सकाळी
फिल्ममध्ये वॉर्डच्या भिंतींवर लाल ठिपके. बायको म्हणाली, भिंतींना गोवर आलाय. मी म्हणालो, खुलून दिसतंय. हसली नाही. तू काही केलंयस का, असं विचारलं. नाही म्हणालो. शपथ घातली नव्हती.

१७ मार्च
जळका वास. गॅस बघून आलो, बंद होता. कॉम्प्युटरचं झाकण काढून समोर टेबलफॅन ठेवला. बायकोला म्हटलं, हवा खेळती हवी. वेग पूर्ववत करावा असं मनात आलं. पण मग मेव्हण्याचं खरं ठरेल. वीस तारखेनंतर बघू.

१९ मार्च
दुपारी स्क्रीन काळी झाली. पंखाही गप्प. फिल्म अर्धवट. दुरुस्तीवाल्याने कार्ड नाकाशी नेलं, वास घेतला आणि माझ्या हातात परत दिलं. बायकोने डॉक्टरांकडे मुदत मागितली. मी दाराआडून ऐकत होतो. ती दोनदा सॉरी म्हणाली. मला भीती वाटली.

२१ मार्च
डॉक्टरांनी काम दुसऱ्या कुणाला दिलं. बायको वॉर्डची चित्रं घरच्या भिंतीवरून काढत होती. भांडण होणार, म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. सांगितलं, मी मदतच करत होतो. म्हणाली, माहीत आहे, ती मदत केली नसतीस तर काम झालं असतं. आवाजही चढवला नाही.
एवढ्या उत्तरांतलं एकही चालेना.