गुंजनची परीक्षा

मुग्धा मॅडमले रुख्मिणीचा नमस्कार,

मी कुहीकडची, गुंजनची माय. तुम्ही नागपूरवरून फारम घेऊन आल्या होत्या, तवा पाच वर्षाची पोरगी माह्या मांडीवर होती. आठवते का?

तुम्ही एकेक विचारत गेल्या अन् मी हो म्हणत गेली. बोटानं दाखवते? हो. दुसऱ्या लेकरायसंग खेळते? हो. नावानं हाक मारली तर पाहते? हो. मले वाटलं परीक्षा हाये, नापास झाली तर शाळेत घेणार नाही. खोटं बोलली मी, मॅडम. तिनं आजवर एकदाही हाकेले मान फिरवली नाही.

शेजारची इंदू खरं बोलली. तिच्या पोराले ऑटिझम निघाला, अन् आता दर बुधवारी तुमच्याकडची ताई त्याले शिकवाले येऊन राहिली. मी गावच्या दवाखान्यातल्या आशाताईले विचारलं, तर म्हणे, यादी बंद झाली, तुमच्या पोरीले काही नाही असं लिहून हाये.

तुमच्या तपासणीचा 'काही नाही' लिहिलेला कागद घरी आला होता, तो सासूबाईनं देवाजवळ ठेवला. म्हणतात, पोरीले काही नाही, मंग ऐकत काहून नाही? मस्तीच हाये. अन् मारतात. मी मधात पडली तर कागद दाखवतात.

हे पत्र आशाताईजवळ देणार होती. पण खरं लिहायचं तर कालचंही लिहा लागते, म्हणून डब्यात ठेवून राहिली. काल मी चारदा हाक मारली. गुंजननं पाह्यलं नाही. अन् मीनंच हाणलं तिले.

गुंजनची माय,
रुख्मिणी