उसवलेल्या कोटातलं पहिलं बक्षीस

नांदेड, सोमवार

तीर्थस्वरूप नीलाआत्या,

संगमेश्वरचे शरणार्थ. तुझे गुडघे कसे हायेत? मामांचा खोकला थांबला का? मी बरा हाय. तू म्हणशील, फोन असताना पत्र कशाला. फोनवर तू भिंतीपलीकडं हाक मारतेस आणि फोन थेट शेजारच्या श्रीमंत सरांच्या हातात देतेस (दोनदा दिलायस), आणि आज नेमकं त्यांच्याबद्दलच लिहायचंय.

काल इथं वृंदगानाची स्पर्धा झाली. आमच्या कॉलेजच्या चाळीस पोरापोरींना पहिलं बक्षीस मिळालं. त्यांच्यापुढं उभं राहून हात हलवणारा मी. (मी कंडक्टर झालो असं तू गावात सांगितलंस, तेव्हापासून दगडोबाकाका मला एसटीच्या पासाचं विचारतात. असो.) पण बक्षिसाची गोष्ट सरळ न्हाई.

तुझ्याकडं राहून सरांच्या संगीत विद्यालयात जायचो, ते तुला आठवत असेल. मी गायला शिकायला गेलो होतो. सरांनी एक ओळ ऐकली, पाणी प्याले आणि म्हणाले, "तू गाऊ नको. दुसऱ्याकडून गाऊन घे." मग तीन वर्षं मला पोरांपुढं उभं केलं. मी हात पसरले की म्हणायचे, "पाखरं हाकलून राहिलास का? हात कमी हलव. पोरं डोळ्याकडं बघत्यात." मला ते जुनाट वाटायचं. गेल्या वर्षी पुण्यात सात दिवसांचं शिबिर केलं, तिथं हे लांबलांब हात करायला शिकलो आणि आपण सरांच्या लई पुढं गेलो असं धरून चाललो.

काल भाड्याचा काळा कोट घातला होता. पहिल्याच इशाऱ्याला तो उजव्या काखेत टर्रकन उसवला. आतलं बनियनही फाटकं (हे मामांना सांगू नको). मग काय, कोपर बरगडीला चिकटवलं आणि सबंध गाणं नुसत्या मनगटानं आणि डोळ्यांनी चालवलं. पोरं घाबरून माझ्या तोंडाकडं बघत राहिली, आणि आत्या, अशी गायली की शेवटचा सूर थांबल्यावर सभागृहात फक्त पंख्यांचा आवाज होता.

परीक्षक बाईंनी माईकवरच विचारलं, "या वयात इतका संयम? कुठं शिकलात?"

मी म्हणालो, "पुण्याला. शिबिरात."

तिसऱ्या रांगेत श्रीमंत सर बसले होते. मला न कळवता सकाळच्या एसटीनं लातूरहून आलेले.

नंतर ते पडद्यामागं आले. मी पाया पडायला वाकलो, तर कोट आणखी फाटला. सरांनी एका मुलीकडून सेफ्टी पिन मागून घेतली आणि कोट आतून नीट टाचून दिला. "दुसऱ्या कडव्यात लय पळाली," म्हणाले. "बाकी चांगलं झालं."

मी म्हणालो, "सर, जेवून जा."

"गाडी हाय," म्हणाले आणि गेले. मी त्यांना सोडायला स्टँडपर्यंतसुद्धा गेलो न्हाई. फोटो काढायचे होते.

तुझा,
संगमेश्वर

ता.क. घाईत सरांचं नाव सुचलं न्हाई, असं मी पोरांना सांगितलंय. तसं न्हाई. नाव जिभेवर होतं. समोर पुण्याचे पाहुणे बसले होते, म्हणून गिळलं.

आणखी एक. खरं काम हे, की या आठवड्यात सर घरी कधी नसतात ते कळव, म्हणजे चिठ्ठी ठेवून येतो. न्हाई, असं कर, असतात कधी ते कळव. मी येतो. दार तेवढं तू वाजव.