प्रश्न न विचारणारा पेनड्राइव्ह

४ जून, मंगळवार
ऑफिसात चाळीस नवे कॉम्प्युटर आले. खोकी पार जिन्यापर्यंत. मागच्या वेळी एकेका मशीनसमोर बसून 'नेक्स्ट' दाबण्यात महिना गेला होता. मान अजून दुखते. या वेळी डोकं वापरणार. भाषा कुठली, नाव काय, जुनं पुसू का, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं आधीच एका फाइलीत लिहून ती पेनड्राइव्हवर टाकायची. पेनड्राइव्ह लावा आणि चहाला जा. साहेबांना सांगितलं, आठवडा पुरे.
बायको म्हणाली, माझाही लॅपटॉप जरा बघ, रडतखडत चालतो. म्हटलं, हे होऊ दे.

६ जून, गुरुवार
पहिल्याच प्रश्नाला अडलं. भाषा विचारली. उत्तर फाइलीत स्वच्छ लिहिलंय, पण वाचायची इच्छा हवी ना. फाइलीच्या नावात एक अक्षर कमी पडलं होतं म्हणे. किरकोळ.

७ जून, शुक्रवार
भाषा सुटली. आता 'जुनं पुसू का'वर थांबतं. अकाउंट्सच्या बाईंचा जुना कॉम्प्युटर मी उत्साहाच्या भरात आधीच उचलून ठेवलाय. त्या रिकाम्या टेबलाशी बसतात आणि माझ्याकडे बघतात. बोलल्या असत्या तर उत्तर देता आलं असतं.

११ जून, मंगळवार, दुपारी
जमलं. फक्त सुरुवातीला 'कुठलीही कळ दाबा' एवढं येतं. माणसानेच कळ दाबायची तर एवढा खटाटोप कशाला? तेही काढून टाकलं. आता पेनड्राइव्ह दिसला की मशीन मुकाट्याने जुनं पुसतं, नवं घालायला घेतं. तसेच पाच पेनड्राइव्ह करून पाच मशीन्सना लावले आणि निवांत जेवायला गेलो.

संध्याकाळी
अर्धं काम झालं की मशीन बंद होऊन परत सुरू होतं. सुरू झालं की त्याला पेनड्राइव्ह दिसतो. मग पुन्हा पुसतं, पुन्हा घालतं. पाचही जणांचं दुपारभर हेच चाललं होतं. बाईंनी विचारलं, हे असंच गोल गोल फिरायचं असतं का. म्हटलं, टेस्टिंग आहे.
यावर तूर्त उपाय एकच. मशीन बंद होताच पेनड्राइव्ह उपसायचा. म्हणजे शेजारी बसून राहायचं.

१४ जून, शुक्रवार
साहेब म्हणाले, सोमवारी बाहेरची माणसं बोलावलीत. चांगलंच झालं. माझा पेनड्राइव्ह त्यांच्या हाती देईन, देखरेख करीन. रविवारी शेवटचा हात फिरवायचा.

१६ जून, रविवार
बायकोच्या लॅपटॉपवर बसलो. सुरू होताना आधी पेनड्राइव्ह बघ, अशी सेटिंग केली. फाइल तपासता तपासता मान आखडली. जरा आडवा झालो तो जेवायलाच उठलो. उरलेलं सोमवारी.

१७ जून, सोमवार
बाहेरची माणसं दोघंच होती. त्यांनी पेनड्राइव्ह मागितला नाही. मीही खिसे चाचपले, सापडला नाही. त्यांनी एक वायर जोडली आणि दुपारच्या आत चाळीसही मशीन्स तयार. बाईंनी त्यांना चहा दिला.

पेनड्राइव्ह बायकोच्या लॅपटॉपलाच राहिला होता. तिने सकाळी बटण दाबलं आणि कपडे वाळत घालायला गेली. परत आली तर पडदा काळा. काहीतरी खुपसलेलं दिसलं म्हणून तिने उपसलं, नेमक्या क्षणी. पुढचं सगळं सुरळीत पार पडलं. एकही प्रश्न विचारला नाही. माझा पेनड्राइव्ह पहिल्यांदाच शेवटपर्यंत गेला.
दोन वर्षं ती एका शब्दकोशाचं काम करतेय. सगळं त्यातच होतं.
संध्याकाळी तिच्यासमोर बसलो. ती म्हणाली, काळजी करू नकोस, सगळं ताईकडे ठेवलंय. मी लॅपटॉप बघ म्हणाले ना तुला, त्याच्या आदल्या दिवशीच कॉपी करून दिलं. तेव्हापासून रोजचं रोज पाठवतेय. तुझ्या हातात काही द्यायचं असलं की मी आधी तेवढं करतेच.
रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. भाजी निवडत म्हणाली.