परातीतलं नाव

आष्टी, ता. परतूर
५ डिसेंबर २००४

चि. शरयू हीस आजीचा पोटभर आशीर्वाद. वि. वि.

इकडं सगळे खुशाल. तुझी खुशाली कळव, पण नुसतं "बरी आहे" लिहू नको, पुण्याला जेवायला काय करतीस ते लिही. तुरीला शेंगा बऱ्या लागल्यात. काळ्या कुत्रीला पिल्लं झाली, ती तुझ्या बापाच्या नव्या चपलेवर झोपतात. पुंजा त्यांना काही म्हणत न्हाई, मला मात्र रोज विचारतो, बाई, माझी चप्पल कुठंय.

तू दिवाळीला कडूबाच्या दुकानात माझं ई-मेल उघडून दिलं, तेव्हापासून गावात माझा भाव वाढलाय. कडूबा लग्नपत्रिका छापतो म्हणून त्याच्या काँप्युटरच्या बटणांवर मराठी अक्षरं चिकटवलेली, मला ती बराबर सापडतात. तुझा नि सर्जेरावचा साखरपुड्याचा फोटो उघडून बघितला. होणारा जावई उंच आहे, कान जरा मोठे. पण कान मोठे असलेले बरे, ऐकून घेतात. बदनापूरच्या शेती केंद्रात नोकरी, म्हणजे घरचं बियाणंपण चांगलं मिळंल, असं पुंजा म्हणतो. त्याला आपलं बियाणंच दिसतं.

तू म्हणाली होतीस, आजी, ई-मेलच्या कुलपाला असा शब्द घाल जो दुनियेत कुणाला ठाऊक न्हाई, मलापण सांगू नको. मंग मी तुला नि कडूबाला बाहेर काढलं आणि एका बोटानं घातला. तुम्हाला वाटलं, म्हातारी विचार करून राह्यली. मी बिलकुल विचार केला न्हाई. शब्द तयारच होता, फक्त बटणं सापडत नव्हती.

आता घरात तोच खेळ चाललाय. पुंजाला वाटतं त्याच्या वडलांचं नाव असंल, कारण ते मी तोंडानं घेत न्हाई. तुझी आई म्हणते बैलाचं असंल. कडूबा तर दुकानात पाय टाकला की विचारतो. मी म्हटलं, कडूबा, तुला सांगितलं तर ते ऊन तापायच्या आत परतूरला पोचंल.

माया आहे तशीच ठेव, आणि स्वेटर घालत जा.

तुझी आजी,
दुर्गाबाई


पुणे
१८ डिसेंबर २००४

ती. आजीस शरयूचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

काल पिठलं-भाकरी केली. भाकरी एका बाजूनं फुगली, दुसऱ्या बाजूनं रुसली. स्वेटर घालते.

तू मागे विचारलं होतंस की मी कंपनीत नेमकं काय करते. आजी, समोरचा माणूस खरंच तोच आहे का, हे यंत्राला कसं कळावं, एवढंच आमचं काम. कुणाला पासवर्ड देतो, कुणाला कार्ड. आता अंगठा टेकवला की ओळखणारं यंत्र आलंय. आणि पासवर्ड विसरला तर एक गुप्त प्रश्न विचारतो. बहुतेक ठिकाणी तो एकच असतो, आईचं माहेरचं नाव काय? परवा मी साहेबांना विचारलं, हाच प्रश्न का? ते म्हणाले, हे उत्तर सहसा कुणाला ठाऊक नसतं म्हणून. सगळे पुढच्या कामाला लागले. मी मात्र तिथंच अडकले.

आता मनातलं लिहिते. सर्जेरावच्या आई, उषाबाई, यांनी माझ्यासाठी नाव काढून ठेवलंय. सुहासिनी. लग्नात परातीतल्या तांदळात तेच लिहायचं. सर्जेराव म्हणाला, ऑफिसात शरयूच राहा, घरात आईसाठी सुहासिनी हो, त्यात काय गेलं. त्याच दिवशी त्यानं माझा ई-मेलचा पासवर्डही मागितला, नवरा-बायकोत पडदा कशाला म्हणून. मी म्हटलं, चालेल, तुझाही दे. तर म्हणाला, माझ्यात केंद्राची कामं असतात. माझ्यात काय पापड वाळत घातलेत?

तो वाईट नाही, आजी. बोलून झाल्यावर स्वतःच ओशाळला. पण सुहासिनी म्हणून हाक आली तर मी ओ देईन असं मला वाटत नाही. बाबांना सांगितलं तर म्हणाले, नावापायी जमलेलं मोडायचं नसतं. तू काय म्हणतेस?

तुझी
शरयू


आष्टी
२ जानेवारी २००५

चि. शरयूस आजीचा आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पुंजानं वाचून दाखवायला घेतलं होतं, मी हिसकून घेतलं. मला येतं वाचता. तू पहिलीत असताना तुझ्याच पाटीवर शिकले, तू मास्तरीण झाल्तीस आणि मला कान धरून उभी करीत होतीस, विसरलीस काय.

आधी अंगठ्याचं सांगते. ते यंत्र मला पटलं न्हाई. आयुष्यभर कापूस वेचून माझ्या बोटावरच्या रेघा गेल्यात, ते काय वाचणार डोंबल. आणि दुसरं असं की अंगठा धरता येतो. माझे दीर वाटणीच्या टायमाला माझा हात धरून शाईत बुडवून कागदावर टेकवत होते, आणि मी तिकडं चुलीवरच्या दुधाकडं बघत होते. ओळख माझीच पटली, पण मी तिथं होते कुठं? डोक्यातला शब्द असा धरून टेकवता येत न्हाई. म्हणून तुझं ते पासवर्डचं मला आवडलं. तू सर्जेरावला दिला न्हाई ते बराबर केलं. घराच्या दाराला आतून कडी असते, म्हणून काय घरातली माणसं चोर होतात का? पण मंग कडी दोघांनाबी पाहिजे. एकाला कडी नि एकाला पडदा, हे कसं चालंल.

आता नावाचं. माझं लग्न झालं तेव्हा मी एवढीशी. परातीत तांदूळ पसरले, तुझ्या आजोबांनी अंगठीनं काहीतरी रेघा ओढल्या, सगळ्या बाया बघून हसल्या, छान छान म्हणाल्या. मला वाचता येत नव्हतं. मी नणंदेला हळूच विचारलं, काय लिहिलं? ती म्हणाली, ते तूच हायस आता. माझं नाव सगळ्या मांडवानं वाचलं आणि मला सगळ्यात शेवटी कळलं. पुढं बरेच दिवस कुणी दुर्गे म्हटलं की मी मागं वळून बघायची, दुसरी कोण उभी हाय का. सासू म्हणायची, पोरगी कानानं अधू दिसते.

तुझ्या आजोबांनी मला कधी उणं बोललं न्हाई, ते चांगलेच होते. पण त्यांनीसुद्धा कधी विचारलं न्हाई, आधी तुला काय म्हणत होते.

तू मोड म्हणून मी सांगत न्हाई, आणि सोस म्हणूनबी सांगत न्हाई. मुलगा मला आवडलाय. जरा थांब, जल्दी करू नको.

आणखी एक घोटाळा झाला. कडूबानं बटणांची नवी पाटी आणली, तिच्यावर एकबी मराठी अक्षर न्हाई. माझा शब्द मला येतोय पण घालता येत न्हाई, आणि तुझे फोटो आत अडकलेत. कडूबा म्हणतो, शब्द सांग, मी घालतो. मी म्हटलं, तू जुनी पाटी आण. जुनी त्यानं भंगारात दिल्ती.

अशीच मोकळेपणानं लिहीत राहा, मला तेवढंच पुरतं.

तुझी आजी,
दुर्गाबाई


पुणे
१३ जानेवारी २००५

ती. आजीस साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र मी ऑफिसात डबा खाताना वाचलं आणि शेजारणीला अंगठ्याचा परिच्छेद वाचून दाखवला. तिनं तो साहेबांना वाचून दाखवला. आता तुझी बोटं आमच्याकडे प्रसिद्ध आहेत.

आजी, मी थांबले नाही. सर्जेरावला लिहून टाकलं की माझं नाव शरयूच राहणार असेल तर लग्न, नाहीतर राहू दे. रागानं नाही लिहिलं, पण लिहिलं. त्याचं उत्तर आलेलं नाही. बाबांनी फोनवर बोलणं सोडलंय, फोन उचलतात आणि आईकडे देतात. आई म्हणते पत्रिका छापायला टाकायच्या आहेत, कडूबा मजकूर मागतोय. मुलीचं नाव काय घालायचं, हे कुणालाच सांगता येत नाही.

मला तो आवडतो, म्हणूनच भीती वाटते. आत्ता तो गप्प आहे तर दिवसभर फोनकडे लक्ष जातं. पण सुहासिनी होऊन त्याच्याकडे गेले, तर त्याला आवडलेली मुलगी त्या घरात पोचणारच नाही, असं वाटतं.

तुझ्या कुलपाचं सोपं आहे. तू घातलेला शब्द मला पत्रात लिही, कुठल्या अक्षराखाली कुठलं बटण होतं ते मी इथून काढून देते. मी कुणाला सांगणार नाही. नको वाटत असेल तर नवीन ई-मेल उघडू, फोटो परत पाठवीन.

तुझ्या मायेवरच सध्या चाललंय.

तुझी
शरयू


आष्टी
३० जानेवारी २००५

चि. शरयूस आजीचे भरभरून आशीर्वाद. वि. वि.

आज मी लई खूश आहे, म्हणून अक्षर वाकडं आलंय, समजून घे.

मी बदनापूरला जाऊन आले. घरात सांगितलं राजूरच्या गणपतीला जाते, माहेरचा देव आहे. तुझी आई सोबत येते म्हणाली, तिला म्हटलं कुत्रीची पिल्लं कोण बघंल. परतूरहून रेल्वेत बसले. गाडीत जालन्याच्या एका बाईनं मला अर्धी जागा दिली आणि तिच्या सुनेची सगळी गाऱ्हाणी दिली, ती पुन्हा कधी सांगीन.

उषाबाई दारातच दचकल्या. त्यांना वाटलं म्हातारी भांडायला आली. सर्जेराव पेपर वाचत बाजेवर बसला होता, उठून पाया पडला. दाढी वाढलेली, खाली बघून बोलत होता. उषाबाईंनी चहा टाकला. मी त्यांच्यामागं चुलखंडापाशी जाऊन बसले आणि विचारलं, विहीणबाई, तुम्हाला माहेरी काय म्हणत होते? त्या म्हणाल्या, उषाच की. मी म्हटलं, ते न्हाई, त्याच्या आधीचं.

बाई, चहा उतू गेला तरी त्यांचं लक्ष न्हाई. मंग पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतात, तर हसून राह्यल्या. माझ्या कानाशी येऊन सांगितलं. सर्जेरावनं तिकडून विचारलं, आई, काय होतं गं? त्या म्हणाल्या, तुला काय करायचंय. त्यानं पेपर बाजूला ठेवला. म्हणाला, मला ठाऊकच न्हाई. एवढा शिकलेला पोरगा, आईकडं असा बघत राह्यला जशी ती आत्ताच घरात आली.

मंग उषाबाई म्हणाल्या, मला कुणी विचारलं न्हाई, म्हणून मला वाटलं असंच करायचं असतं. पोर आपली करायची तर नाव द्यावं लागतं. मी म्हटलं, द्या की, लाडाचं द्या, हाका मारा. पण जुनं पुसू नका, पुसलं की पुढं कानात सांगायची पाळी येते. त्या बराच वेळ बशीतला चहा हलवत बसल्या. शेवटी म्हणाल्या, परात मात्र पाहिजे, त्याशिवाय लग्न लागल्यासारखं वाटत न्हाई. मंग आम्ही दोघींनी ठरवलं. परात ठेवायची, तांदूळ ठेवायचे, फक्त अंगठी तुझ्या हातात द्यायची. तू तुझंच नाव लिही, मोठं लिही, मागच्या बायांना दिसलं पाहिजे.

सर्जेराव मला स्टेशनवर सोडायला आला. म्हणाला, आजी, मी उत्तर लिहून लिहून फाडतोय, माझी चूक कळाली पण कागदावर येईना. आणि पासवर्ड पुन्हा मागणार न्हाई म्हणून सांगा. मी म्हटलं, ते तूच सांग, मी काय पोस्टमन आहे? त्याचं पत्र आलं असंल आतापर्यंत. कान मोठे असल्याचा उपयोग झाला.

पुंजाला सगळं सांगितलं. तो उठून कडूबाकडं गेला आणि पत्रिकेत शरयू घालून आला. आता फोन केलास तर बोलंल.

उषाबाईंचं जुनं नाव मी लिहीत न्हाई, ते त्यांचं आहे, त्यांनी कानात दिलंय. माझं मात्र सांगते. तू म्हणाली होतीस कुणाला ठाऊक नसलेला शब्द. माझे भाऊ गेले, बरोबरीच्या पोरी गेल्या, हाक मारणारं कुणी उरलं न्हाई. चतुर्थीला जन्मले म्हणून बापानं ठेवलेलं नाव, माझ्याशिवाय दुनियेत कुणाजवळ नव्हतं. दिवाळीपासून मी ते बटणांवर एकेक करून लिहायची आणि कुलूप उघडायचं. तेवढं यंत्र मला बराबर ओळखत होतं.

तुला बटणं शोधायची ती शोध. कुलूप उघडलं की हा शब्द काढून टाक आणि दुसरा घाल, पिल्लाचं नाव घातलंस तरी चालंल. हा आता कुलपात ठेवायचा न्हाई. काल कडूबाला सांगितलाय, म्हणजे परतूरला पोचला असंल.

तू आलीस की मला त्याच नावानं एकदा हाक मार. मागं वळून बघणार न्हाई, सरळ ओ देईन.

तुझी आजी,
चतुरा