पदरचं वाक्य

४ जून

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

वर्ग मिळाला. आठवीची बत्तीस मुलं. माहितीचा उतारा वाचून त्याचा एका परिच्छेदात सारांश करायला शिकवतेय. पहिल्या वाक्यात मुख्य मुद्दा, मग त्याला आधार देणारी तीन वाक्यं, शेवटी तात्पर्य. स्वतःचं मत नको आणि पदरचं काही घालायचं नाही. पण मुलं उताराच्या उतारा उतरवून काढतात आणि वर 'मला खूप आवडला' असं लिहितात!

पुस्तकातले उतारे त्यांना पाठ झालेत. तुम्ही दुकानात भिंतीवरचं घड्याळ कसं साफ करता ते लिहून पाठवाल का? पाल्हाळ नको, नाहीतर तुम्हालाच सारांश करायला बसवीन.

वर्गाचा फोटो सोबत आहे. हाताचा कंप कसा आहे? माझ्यासाठी वहिनीला लिहायला बसवताच आहात, तर तिला चहाही द्या.

आशीर्वाद कायम असू द्या.
तुमची मास्तरीण

१३ जून

चि. मास्तरीणबाईस,
अ. उ. आ.

लेकीने बापाला गृहपाठ दिला, तो घे. फोटो छान आलाय.

आधी लंबक काढावा. चावीचा ताण हळूहळू उतरवावा, नाहीतर स्प्रिंग बोट फोडते. स्क्रूची खाच नखाने चाचपावी, नख अडकलं की पेचकस लावावा. काढलेले स्क्रू वाटीत टाकताना मोजावेत. चाकाच्या दात्यांवरून बोट फिरवावं. खरखर लागेल तिथे तेल वाळलेलं असतं. वाळल्या तेलाला आंबूस वास येतो, तो जाईपर्यंत पुसावं. नवं तेल सुईच्या टोकाने थेंबभरच सोडावं. मग सगळं जोडून कान लावावा. टिक आणि टॉक यांतलं अंतर सारखं नसेल, तर घड्याळ लंगडतंय. एका बाजूने किंचित उचलावं, की सरळ चालू लागतं.

सूनबाई म्हणते, चहा आजवर मिळालेला नाही.

आहेस तशीच भांडत राहा.
तुझे बाबा

२ जुलै

ती. बाबांस,
न. वि. वि.

आज कुशल विचारायचं सुचत नाही, इतकी हादरले आहे.

तुमचा उतारा मिळाल्यावर मी 'छान जमलंय' असं कार्ड टाकलं आणि तो वर्गात दिला. एकतीस मुलांनी लिहिलं की या उताऱ्यात घड्याळ साफ करण्याची रीत सांगितली आहे. शेवटच्या बाकावरच्या मुलीने पहिलं वाक्य लिहिलं की ज्याला डोळ्यांनी दिसत नाही अशा माणसाने घड्याळ कसं साफ करावं, हे या उताऱ्यात सांगितलं आहे. मी लाल फुली मारली आणि शेरा दिला, पदरचं घालू नये.

ती वही घेऊन टेबलाशी आली. म्हणाली, बाईंनीच क्रियापदं अधोरेखित करायला शिकवलंय. तिने केली होती. चाचपावी, मोजावेत, बोट फिरवावं, कान लावावा. पाहावं असं कुठेच नव्हतं.

बाबा, मी तुमचा उतारा पुन्हा पहिल्यापासून वाचला. हाताला कंप असलेला माणूस सुईच्या टोकाने तेल कसं सोडतो, हा साधा प्रश्न मला का पडला नाही? सात महिने वहिनीचं अक्षर वाचतेय. आणि फोटो छान आलाय हे तुम्हाला कुणी सांगितलं?

मी शनिवारी येतेय. दुकानाला कुलूप लावायचं आणि माझ्याकडे राहायला यायचं. रागावले आहे, तरी आशीर्वाद मागतेच.

तुमची

५ जुलै

चि. मास्तरीणबाईस,
अ. उ. आ.

तुझ्या नियमाने लिहितो. मला दिसत नाही. डावा डोळा जुनाच अधू होता, उजवा गेल्या थंडीत गेला. डॉक्टरांनी हात टेकले आहेत. दुकानात मात्र आजही बंद घड्याळं येतात आणि चालू होऊन जातात. तात्पर्य, डोळे गेलेत, कारागिरी गेलेली नाही.

आता नियमाबाहेरचं. सूनबाईला मी शपथ घातली होती, तिला बोल लावू नकोस. तू नोकरी सोडून धावत येशील आणि दुकान बंद करायला लावशील, या भीतीने कंपाची थाप मारली. पण खोट्याचं ओझं होत होतं, आणि सांगायला जीभ रेटेना. तेवढ्यात तू उतारा मागितलास. म्हटलं, मी जसं करतो तसंच सांगावं. सूनबाईने सवयीने दोनदा 'नीट पाहून' असं लिहिलं, ते मी खोडायला लावलं. लेक मास्तरीण आहे, मुख्य मुद्दा तिला सापडेलच असं वाटलं होतं. तुझं 'छान जमलंय' ऐकलं आणि सुटलो असं वाटलं. मग फार एकटं वाटलं.

शनिवारी ये. कुलूप आणू नकोस, त्या मुलीची वही मागून आण. तिची फुली आधी खोड. तिचं पहिलं वाक्य मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.

सही आज मी स्वतः करतोय. ओळीवर बसली नाही, तर फुली मारू नकोस.

तुझे बाबा