आधीच्या मालकाचं काम

अण्णा, परवा आपल्या गाडीचं इंजिन उघडलं आणि त्यात तुमचं काम सापडलं. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. गाडी मात्र अजून मला रोज मांजरीहून कॉलेजच्या ऑफिसात नेते-आणते, कुरकुर करत का होईना. गेल्या आठवड्यात हिंजवडीला काम होतं. तिथल्या गर्दीत तासभर इंच-इंच सरकत होते, तर एकदम बॉनेटमधून वाफ. टोचन लावून गाडी आमच्या सोसायटीबाहेरच्या गॅरेजात आणली. गॅरेजवाला अमरावतीकडचा आहे, तिशीतला, कमी बोलणारा, हात स्वच्छ ठेवणारा. तुम्हाला आवडला असता, म्हणजे तुम्ही त्याला नावं जरा कमी ठेवली असतीत. त्याने यादी वाचली: रेडिएटर चोक, वॉटर पंप गळतो, हेड गॅस्केट गेलंय, क्लच प्लेट आज ना उद्या. सगळं मिळून चाळीस हजारांच्या घरात. "एवढ्यात दुसरी जुनी गाडी पाहता येईन मॅडम," तो म्हणाला. मी म्हटलं, दुसऱ्या जुन्या गाडीचे रोग मला माहीत नाहीत, हिचे पाठ आहेत. वाक्य तुमचंच, उसनं घेतलं. मग तो वाकला, एक डबी उघडली आणि तसाच बघत राहिला. "इथं तर थर्मोस्टॅटचा वॉलच नाही. कोनं काढला हो मॅडम?" आणि मी, तुमची मुलगी, पापणीही न हलवता म्हणाले, "सेकंडहँड घेतलीय ना आम्ही. आधीच्या मालकाने काढला असेल." जुन्या गाडीचं हे एक बरं असतं, खापर फोडायला आधीचा मालक कायम तयार असतो. बिचारा कधी उलटून बोलत नाही.

त्या व्हॉल्व्हवरून तुम्ही किती जणांना सोलून काढलं होतंत! कसबा पेठेत आपलं गॅरेज म्हणजे एक खोली. गाडी आत मावायची नाही, ती गल्लीत उभी, आणि तुमचे पाय तिच्याखालून बाहेर. इंजिन तापतं म्हणून कुणी तो व्हॉल्व्ह काढून टाकलेला दिसला, की तुम्ही बाहेर यायचात, हात पुसायचात आणि गिऱ्हाइकाला शांतपणे विचारायचात, "उकडतंय म्हणून घराची भिंत पाडणारा हा महाभाग कोण?" मी कॉलेजात होते तेव्हा एकदा तुमचा डबा घेऊन आले होते. एक गृहस्थ हटून बसलेले, व्हॉल्व्ह काढूनच द्या, बाकी खर्च नको. मी आपली मध्येच बोलले, "अण्णा, एवढं म्हणतायत तर द्या ना काढून." तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "तुझ्या मास्तरांना सांगू का, एवढं म्हणतेय तर पास करा हिला?" सगळी गल्ली हसली. मला इतका राग आला की डबा तिथेच आपटून घरी आले. संध्याकाळी तुम्ही समजूत काढली नाहीत, पण तो व्हॉल्व्ह आणलात आणि गॅसवर पातेल्यात उकळायला टाकलात. आई ओरडत होती, "अहो, आमटीचं पातेलं आहे ते!" पाणी तापलं तसं त्याचं तोंड हळूहळू उघडलं. "बघ, इंजिन पुरतं तापेपर्यंत हा पाणी अडवून धरतो. हा काढला की तापमानाची सुई खाली राहते, माणूस खूश. इंजिन मात्र कायम कोमट, पेट्रोल पितं आणि आतून झिजतं." मला ते अजून दिसतं. आमटी त्या दिवशी दुसऱ्या भांड्यात झाली.

ही गाडीही तुम्हीच पारखून घेतलीत. विकणाऱ्याने सकाळी आठला बोलावलं, तुम्ही सातलाच, त्याने इंजिन सुरू करायच्या आत गेलात, बॉनेटवर हात ठेवलात. "थंड इंजिन खोटं बोलत नाही," म्हणालात. आणि काम झालं, की काढलेले जुने भाग कागदात बांधून गिऱ्हाइकाच्या मागच्या सीटवर ठेवायचे, ही तुमची पद्धत. लोक म्हणायचे, हा कचरा कशाला? तुम्ही म्हणायचात, "काय काढलं ते दिसायला नको?"

मग तो तुमचा शेवटचा उन्हाळा. कात्रजला गाडी तापली म्हणून मी ती गल्लीत आणते. गिऱ्हाइकं थांबून वर्ष झालेलं. मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशनचं नाव काढलं की तुम्ही विषय बदलता. आईने मला फोनवर सांगितलेलं असतं, त्यांना काहीतरी काम दे गं, नुसते बसून असतात. तुम्ही बॉनेट उघडता. मी बॅटरीचा उजेड धरते. दोनदा पाना बोल्टवरून घसरतो, मग तुम्ही बोट लावून बोल्ट शोधता. रेडिएटरच्या खालच्या कडेला हिरवं पाणी थेंब-थेंब गळतंय, मला उभ्या जागी दिसतंय. तुम्ही त्याच्या वीतभर वर हात फिरवता आणि म्हणता, "कोरडं आहे." मी उजेड तुमच्या हातावरच धरून ठेवते, अण्णा. तासाभराने तुम्ही ती डबी उघडता, व्हॉल्व्ह काढता, खिशात टाकता. "आता नाही तापणार." मी म्हणते, "तुमच्या हाताला यश आहे." तुम्ही बॉनेट लावता. घरी येऊन बघते, तर मागच्या सीटवर पुडकं नाही. म्हणजे तुम्हालाही ठाऊक होतं, आपण काय केलं ते. मला रडू आलं तेव्हा.

दुसऱ्या आठवड्यात मी तुमच्या नकळत हडपसरला रेडिएटर बदलून घेतला. तो मेकॅनिक म्हणाला, व्हॉल्व्हही टाकतो, शे-दोनशेची वस्तू. मी नको म्हटलं. तुम्ही पुन्हा बॉनेट उघडलंत तर कळेल, अशी भीती. तुम्ही उघडलं नाहीत, आणि मग तुम्ही गेलात, आणि मग ते तुमच्या हातचं शेवटचं काम झालं. त्यावर दुसऱ्याचा पाना मला चालेना. गाडी नऊ वर्षं जास्त पेट्रोल प्याली. मी पाजलं. म्हणून परवा "कोनं काढला" हा प्रश्न आला तेव्हा आधीचा मालक पुढे केला. खरं सांगायचं तर तुमचं नाव सांगावं लागणार होतं, आणि तुमच्या पन्नास वर्षांच्या कामातलं हेच एक काम त्या अमरावतीवाल्याने पाहिलेलं असणार होतं.

काल गाडी आणली. सुई मध्यावर राहते, आवाज गेला, बरी धावते. यापुढचं मात्र तुम्ही पलीकडच्या खोलीत असतात तरी मी तुम्हाला वाचू दिलं नसतं. त्याने किल्ली दिली, नवा व्हॉल्व्ह बसवल्याचं सांगितलं आणि म्हणाला, "आधीच्या मालकानं पार वाट लावली होती मॅडम. अशा मान्साच्या हाती पाना देऊच नये." ते माझे वडील होते, त्यांना दिसत नव्हतं, आणि मला ते माहीत होतं, हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तो हसला. आणि अण्णा, मीही हसले.